अफू दाराशी, मॉर्फिन परगावी : इंदुरातल्या पॅलिएटिव्ह केअरच्या शिक्षणाची पार्श्वभूमी

इंदुरातल्या एखाद्या डॉक्टरने किंवा सिस्टरने पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे गंभीर आजारातल्या माणसाच्या वेदना आणि त्रास कमी करण्याचं काम, शिकायचं ठरवलं, की दोन-चार दिवसांत प्रश्न कोर्सवरून गोळीवर येतो. शिकून परत आल्यावर मॉर्फिन, म्हणजे अफूपासून काढलेलं तीव्र वेदनेवरचं औषध, लिहिता येईल का? लिहिलं तर मिळेल का? आपल्या देशात या विषयाचं शिक्षण असं का घडलं, कुठे अडलं, त्याचं निम्मं उत्तर या एका औषधाच्या कागदपत्रांत सापडतं. म्हणून पार्श्वभूमीही तिथूनच सांगायला हवी.

माळव्याला अफू नवी नाही. एकोणिसाव्या शतकात होळकर-शिंद्यांच्या मुलखातल्या अफूच्या पेट्या मुंबईमार्गे चीनला जात. इंग्रजांचा अफूचा काटा इंदुरात होता. तिथे माल तोलून महसूल भरला की पास मिळे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ती निर्यात थांबली, पीक मात्र राहिलं. मंदसौर, नीमच, रतलाम या भागांत आजही सरकारी पट्ट्यावर अफू पिकते. पट्टे देणाऱ्या केंद्रीय नार्कोटिक्स ब्युरोचं मुख्यालय ग्वाल्हेरला आहे आणि नीमचच्या सरकारी कारखान्यात अफूपासून मॉर्फिन, कोडीन काढतात. इतकं सगळं माळव्यात आणि आसपास असूनही तोंडाच्या कॅन्सरने तळमळणाऱ्या इथल्या माणसापर्यंत दहा मिलिग्रॅमची गोळी पोहोचत नव्हती. यात दोष शेतकऱ्याचा नव्हता आणि कारखान्याचाही नव्हता.

बाहेरच्या जगात विषयाची सुरुवात 1967 ची धरतात. त्या वर्षी सिसिली सॉन्डर्स यांनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे अखेरच्या दिवसांतल्या रुग्णांचं सेवाघर, उघडलं. त्या आधी नर्स होत्या, मग रुग्णालयातल्या समाजसेविका झाल्या आणि शेवटी डॉक्टर. वेदनेला शरीर, मन, घर-पैसा आणि श्रद्धा अशा चारही बाजू असतात हे त्यांनी लावून धरलं. दुखणं उसळायची वाट न पाहता ठरलेल्या वेळी तोंडाने मॉर्फिन द्यायचं, ही शिस्तही त्यांनीच रुजवली. 1970 च्या दशकाच्या मध्यात मॉन्ट्रियलच्या बॅल्फर माउंट यांनी हेच काम मोठ्या रुग्णालयात आणलं आणि ‘पॅलिएटिव्ह केअर’ हे नाव रूढ केलं. 1986 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कॅन्सरच्या वेदनेसाठी साध्या वेदनाशामकापासून मॉर्फिनपर्यंत चढत जाणारी तीन पायऱ्यांची शिडी छापली. त्याच वर्षी मुंबईत डॉ. एल. जे. डिसूझा यांच्या पुढाकाराने शांती आवेदना हे देशातलं पहिलं हॉस्पिस सुरू झालं.

पण त्याच्या आदल्याच वर्षी, नोव्हेंबर 1985 मध्ये, अमली पदार्थांचा कायदा म्हणजे एनडीपीएस लागू झाला होता. तेव्हा बहुतेक गुन्ह्यांना किमान शिक्षा दहा वर्षं. मॉर्फिन ठेवायचं तर रुग्णालयाला बाळगण्याचा, आणण्याचा, वाहतुकीचा असे वेगवेगळे परवाने लागत. ते वेगवेगळ्या खात्यांकडून मिळवायचे आणि सगळ्यांची मुदत एकाच वेळी चालू असायला हवी. चौथा कागद हातात पडेपर्यंत पहिल्याची मुदत संपलेली असे. रजिस्टरातल्या चुकीनेही तुरुंग पाहावा लागेल, या धास्तीने औषधविक्रेत्यांनी साठा ठेवणंच सोडलं. देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर घसरत 1997 च्या सुमारास वर्षाला 18 किलोपर्यंत आला. कारखान्यांनी गोळ्या करणं जवळपास थांबवलं, कारण घेणारंच कोणी उरलं नव्हतं.

शिक्षणाचं खरं नुकसान इथे झालं, आणि कायद्याच्या चर्चेत ते सहसा कोणी बोलत नाही. 1985 नंतर एमबीबीएस झालेल्या डॉक्टरांच्या एक-दोन पिढ्यांनी वॉर्डात तोंडी मॉर्फिन चालू करताना कोणाला पाहिलंच नाही. फार्माकॉलॉजीच्या पुस्तकात धडा होता. शेजारी उभं राहून डोस लिहायला शिकवणारा सीनिअर नव्हता. मग हाताशी असेल त्यावर भागवायची सवय लागली: वाढत्या दुखण्यावर ट्रॅमाडॉल या मॉर्फिनहून कमी ताकदीच्या औषधाचा मारा, रात्री पेंटाझोसिनची सुई. ती सवय अजून सुटलेली नाही. प्रत्येक प्रशिक्षणात पहिला दिवस नवं शिकवण्यापेक्षा जुनं विसरायला लावण्यात जातो. ट्रॅमाडॉलला दिवसाला 400 मिलिग्रॅमची मर्यादा आहे. तिथे पोहोचूनही दुखत असेल तर ती पायरी संपली, पुढे जायचं. आणि नियमित मॉर्फिनवर असलेल्या पेशंटला कोणी पेंटाझोसिन टोचलं, तर वेदना उलट उसळते, घाम फुटतो, अंग थरथरतं. पेंटाझोसिन मॉर्फिनच्याच जागेवर बसून त्याचं काम अडवतं, म्हणून असं होतं.

वळण आलं ते कालिकतला. 1993 मध्ये डॉ. एम. आर. राजगोपाल आणि डॉ. सुरेश कुमार यांनी तिथे पेन अँड पॅलिएटिव्ह केअर सोसायटी उभी केली. पुढच्या वर्षी इंडियन असोसिएशन ऑफ पॅलिएटिव्ह केअर ही देशव्यापी संघटना आली. देशभरातल्या डॉक्टरांसाठी सहा आठवड्यांचा निवासी पायाभूत कोर्स केरळात रुजला, तर नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांसाठी असोसिएशनचा आठ आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्स पुढे आला. नावं सारखी वाटली तरी दोन्हींत फरक मोठा आहे. दुसऱ्यात वाचन घरी होतं आणि व्याख्यानं थोड्या दिवसांत आटोपतात. पहिल्यात रोज ओपीडी, वॉर्ड आणि होम केअरची गाडी असते. पेशंटच्या घरी पलंगाच्या कडेला बसून डोसचा हिशेब करावा लागतो. आमचं मत विचाराल तर मॉर्फिन स्वतः लिहायचं असेल त्याने निवासी कोर्सच करावा, निदान दहा दिवस तरी चालू सेंटरवर काढावेत.

तो हिशेब कसा शिकवतात तेही पाहू, कारण चुका तिथेच होतात. साधी गोळी 10 मिलिग्रॅमची असते. पूर्वी अफूवर्गीय औषध न घेतलेल्या माणसाला अर्ध्या गोळीने, म्हणजे 5 मिलिग्रॅमने, दर चार तासांनी सुरुवात. फार थकलेल्या म्हाताऱ्याला 2.5 ने. सकाळी 6, 10, दुपारी 2, संध्याकाळी 6 आणि रात्री 10. झोपमोड नको म्हणून रात्री 10 चा डोस दुप्पट आणि रात्री 2 चा वगळायचा. दिवसाचे झाले 30 मिलिग्रॅम. मध्येच दुखणं उसळलं तर जादा डोस दिवसाच्या एक षष्ठांश, म्हणजे पुन्हा 5. समजा दिवसात तीन जादा डोस लागले. खरी गरज 45 ची होती, म्हणून दुसऱ्या दिवशी प्रत्येक वेळचा डोस 7.5, म्हणजे पाऊण गोळी. जादा डोसची नोंदच ठेवली नाही तर वाढवायचं किती हे अंदाजाने ठरतं. मग एक तर पेशंट कण्हत राहतो, नाही तर गुंगीत जातो.

चिठ्ठीत मॉर्फिनखाली लगेच पोट साफ होण्याचं औषध लिहिलं नसेल तर परीक्षक गुण कापतात, आणि ते योग्यच आहे. मळमळ चार-पाच दिवसांत ओसरते, गुंगीही कमी होते. बद्धकोष्ठ मात्र कधीच सुटत नाही. म्हणून पहिल्या रात्रीपासून बिसाकोडिलच्या दोन गोळ्या. पेशंट मॉर्फिन सोडतो तो बहुतेक वेळा व्यसनाच्या भीतीने नाही, सात दिवस पोट साफ न झाल्याने. क्रिएटिनिन वाढलेलं असेल, म्हणजे मूत्रपिंडं मंदावली असतील, तर चाराऐवजी सहा-आठ तासांचं अंतर, कारण मॉर्फिनचे घटक मूत्रपिंडातून बाहेर पडतात आणि साचले की झटके व गुंगी येते. नाकातून पोटात घातलेल्या नळीतून देताना साधी गोळी कुटून पाण्यात चालते. हळूहळू सुटणारी 30 ची गोळी कुटली तर बारा तासांचा डोस एकदम सुटतो. गुटख्यामुळे तोंड न उघडणारे, राइल्स ट्यूबवरचे, म्हणजे अशा नळीवरचे, पेशंट इंदुरात कमी नाहीत, त्यामुळे ही चूक इकडे हमखास घडते. कातडीवर चिकटवायच्या फेंटॅनिल या वेदनाशामकाच्या पॅचचंही तसंच. तासाला 25 मायक्रोग्रॅम सोडणारा पॅच तोंडी मॉर्फिनच्या दिवसाच्या साधारण 60 मिलिग्रॅमइतका पडतो. कधीही मॉर्फिन न घेतलेल्याला पहिल्याच दिवशी ‘सोपं पडतं’ म्हणून तो चिकटवणं धोक्याचं. असर चढायला बारा-चोवीस तास लागतात, आणि तापाने किंवा शेकाने तो भलताच वाढतो.

याच कोर्समध्ये सिस्टरकडून जे शिकायला मिळतं ते मोठ्या पुस्तकांत क्वचित सापडतं. गालाच्या फुटलेल्या गाठीचा वास घरच्यांना खोलीबाहेर काढतो. मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्यांची बारीक पूड जखमेवर पसरली की तो दोन-तीन दिवसांत आटोक्यात येतो. जखमेत अळ्या पडल्या असतील तर टर्पेन्टाइनमध्ये भिजवलेला गॉज जखमेच्या तोंडाशी धरायचा. आत ओतायचं नाही, आग होते. अळ्या वर आल्या की चिमट्याने काढायच्या. हे हात घाण करणारं शिक्षण आहे, स्लाइडवर होत नाही.

पदवीकडे गाडी उशिरा वळली. पॅलिएटिव्ह मेडिसिनच्या एमडीला 2010 मध्ये मान्यता मिळाली आणि 2012 मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियलला पहिली तुकडी बसली. पॅलिएटिव्ह केअरचा राष्ट्रीय कार्यक्रमही 2012 चाच. एमबीबीएसच्या नव्या अभ्यासक्रमात हा विषय 2019 मध्ये आला. इंदुरात वैद्यकीय शिक्षण 1878 पासून आहे आणि एमजीएम कॉलेज 1948 चं. त्या मानाने ही कालची गोष्ट. आज इथल्या एमवाय रुग्णालयात इंटर्नशिप करणाऱ्याने हा विषय वाचलेला असतो, त्याच्या बॉसने बहुधा नाही. कोविडनंतर ऑनलाइन वर्ग वाढले. केसवर चर्चा करायला, अडल्यावर विचारायला ते उत्तम; जखम बांधायला किंवा घरच्यांशी बोलायला त्यांतून शिकता येत नाही.

बोलण्याच्या प्रशिक्षणात आपल्या घरांचं एक दृश्य नेहमी करून घेतात. रामबागेतला किंवा टिळकनगरातला मुलगा डॉक्टरला दाराबाहेर गाठतो: ‘‘डॉक्टरसाहेब, बाबांना काही बोलू नका, ते खचतील.’’ शिकाऊ डॉक्टर इथे दोन चुका करतात. काही जण पेशंटचा हक्क सांगत भांडतात, काही जण मान डोलावून मोकळे होतात. शिकवलं जातं ते असं: आधी मुलालाच विचारायचं, ‘‘त्यांना काय कळलंय असं तुम्हाला वाटतं?’’ मग सांगायचं, ‘‘मी आपण होऊन विषय काढणार नाही, पण त्यांनी सरळ विचारलं तर खोटंही बोलणार नाही.’’ बहुतेक मुलगे इतक्यावर तयार होतात. त्यानंतर आत जाऊन खुर्ची ओढायची आणि विचारायचं, ‘‘काका, तुम्हाला आजाराबद्दल काय काय सांगितलंय?’’ आणि गप्प बसायचं. ही गप्प बसायची जागाच सगळ्यांना जड जाते. पाचव्या सेकंदाला शिकाऊ डॉक्टर रिपोर्ट वाचायला लागतो. हा सराव इंग्रजीत करून घेण्यात अर्थ नाही. इथला वॉर्ड हिंदीत चालतो आणि आजी-आजोबा दुखायला लागलं की मराठीवर येतात. सराव त्याच भाषांत व्हावा.

शेवटच्या दिवसांच्या शिक्षणात कायद्याचा भागही आता टाळता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 9 मार्च 2018 च्या निकालात निरर्थक उपचार थांबवण्याला आणि उपचारांबद्दल आगाऊ लिहून ठेवलेल्या इच्छापत्राला मान्यता दिली. त्याची पद्धत इतकी किचकट होती की ती वापरणं जवळपास अशक्य होतं. जानेवारी 2023 मध्ये ती सुटसुटीत झाली. आता इच्छापत्र नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर होतं. रुग्णालयाचं तीन डॉक्टरांचं मंडळ आणि त्यावर दुसरं मंडळ निर्णय देतं, शक्यतो 48 तासांत. दंडाधिकाऱ्याला कळवायचं असतं, परवानगी मागायची नसते. नळ्या काढणं आणि मृत्यू घडवून आणणं यांतला फरक न कळल्याने आयसीयूतले डॉक्टर अजून बिचकतात. त्यांना कायदा सांगायचा तर कागदाचा नमुना हातात देऊन, भरून घेऊनच सांगावा लागतो.

पुन्हा गोळीकडे. 2014 च्या दुरुस्तीने मॉर्फिन, फेंटॅनिल, मेथाडोन, कोडीन, ऑक्सिकोडोन, हायड्रोकोडोन ही सहा औषधं ‘अत्यावश्यक’ ठरली. मे 2015 च्या नियमांनी सगळे परवाने जाऊन एकच मान्यता उरली, आणि ती राज्याच्या औषध नियंत्रकाकडून. संस्थेने मान्यता घ्यायची, वर्षाची गरज आगाऊ कळवायची, रोजचा साठा रजिस्टरात लिहायचा. अट मुख्यतः एकच: वेदनाशमनाचं प्रशिक्षण घेतलेला नोंदणीकृत डॉक्टर संस्थेत हवा. म्हणजे पूर्वी मॉर्फिन नव्हतं म्हणून शिक्षण अडलं, आता शिक्षण नसेल तर मॉर्फिन अडतं.

व्यवहारात गाडी अडते ती त्या एका डॉक्टरवर. लहान रुग्णालय एकालाच कोर्सला पाठवतं, त्याच्या नावावर मान्यता घेतं आणि वर्षभरात त्याची बदली होते किंवा तो नोकरी सोडतो. कपाटात गोळ्या असतात, लिहायला अधिकृत माणूस नसतो, आणि चालू डोसवरच्या पेशंटला एकाएकी मॉर्फिन बंद झाल्याचा त्रास होतो. म्हणून अर्ज करतानाच दोन डॉक्टर शिकवून घ्यावेत. रजिस्टर ठेवणाऱ्या फार्मासिस्टला सोबत पाठवावं, कारण शिल्लक न जुळण्याच्या चुका त्याच्या टेबलावर होतात. वर्षाची गरज लिहितानाही गेल्या वर्षीचा आकडा उतरवू नये. दिवसाला 60 मिलिग्रॅम घेणारा एक पेशंट महिन्याला 10 च्या 180 गोळ्या संपवतो, आणि असे दहा पेशंट घरी असतील तर शंभर-दोनशे गोळ्यांचा साठा पहिल्या आठवड्यातही पुरत नाही.