स्ट्रासबर्गला थांबवलं, त्या सीझनची पार्श्वभूमी

कोपराच्या शस्त्रक्रियेतून परतलेला एखादा तरुण पिचर (बेसबॉलमध्ये चेंडू टाकणारा) ऐन सप्टेंबरात, सीझनच्या शेवटी, भरात असला, की वॉशिंग्टन नॅशनल्स या अमेरिकी बेसबॉल संघाचा २०१२चा सीझन हमखास उकरून काढला जातो. आपल्याकडेही २०२५ मध्ये भारताचा प्रमुख वेगवान गोलंदाज इंग्लंडमध्ये पाचपैकी तीनच कसोट्या खेळणार, हे दौऱ्याआधी ठरलं तेव्हा वाद याच अंगाने गेला. खेळाडूचं शरीर जपायचं की समोरची मालिका जिंकायची? नॅशनल्सबद्दल एक सोपी गोष्ट रूढ झाली आहे: सर्वोत्तम पिचर स्टीफन स्ट्रासबर्ग याला हात जपण्यासाठी सीझन संपण्याआधीच बसवलं, म्हणून संघ हरला. वर्षभरात त्या पिचिंग स्टाफमध्ये काय काय घडलं ते पाहिलं तर ही गोष्ट टिकत नाही.

जुना इतिहास थोडक्यात. १९७१च्या सीझननंतर राजधानी वॉशिंग्टनमधून मेजर लीग (सर्वोच्च पातळीचं) बेसबॉल गेलं, ते २००५ मध्ये मॉन्ट्रियलचा संघ इथे हलवल्यावर परत आलं. २००८ला १०२ पराभव, २००९ला १०३. या दुर्दशेचा एक फायदा झाला, तो म्हणजे २००९च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) पहिली निवड मिळाली आणि तिच्यातून स्टीफन स्ट्रासबर्ग आला. जून २०१०च्या पदार्पणात त्याने १४ स्ट्राइकआउट घेतले, म्हणजे १४ फलंदाज तीन-तीन स्ट्राइकवर बाद केले. ऑगस्टमध्ये कोपराचा लिगामेंट गेला आणि सप्टेंबरमध्ये टॉमी जॉन शस्त्रक्रिया (त्या लिगामेंटच्या जागी नवा बसवण्याची) झाली. २०११च्या अखेरीस तो परतला तो फक्त २४ इनिंगपुरता (एक इनिंग म्हणजे तीन आउट). म्हणजे २०१२ हा शस्त्रक्रियेनंतरचा त्याचा पहिला पूर्ण सीझन, आणि नेमका त्याच वर्षी संघ जिंकायला लागला.

त्या वर्षीचं रोटेशन, म्हणजे आळीपाळीने सामने सुरू करणाऱ्या पाच पिचरांचा संच, जमवलेलंच होतं, पण फार विचारपूर्वक. डिसेंबर २०११ मध्ये चार होतकरू खेळाडू देऊन ओकलंडकडून एक डावखुरा घेतला. त्याने २१ सामने जिंकले. एका अनुभवी उजव्या पिचरशी एका वर्षाचा करार केला. घरचा आणखी एक उजवा होता, त्याचीही टॉमी जॉन झालेली. पाचव्या जागेसाठीचा अनुभवी पिचर स्प्रिंग ट्रेनिंगमध्ये (सीझनआधीच्या सरावात) मांडीचा स्नायू दुखावून बसला आणि ती जागा एका तरुण डावखुऱ्याला मिळाली. यात ज्याचं नुकसान झालं त्याची आठवण आज फारशी कोणी काढत नाही. २००९ आणि २०१०च्या सलामीच्या सामन्यात पिचिंग केलेला डावखुरा, ५० लाख डॉलर पगार असूनही, एप्रिलच्या तोंडावर मेजर लीगच्या लगेच खालच्या पातळीवरच्या ट्रिपल-ए सिरॅक्यूजला पाठवला गेला. चिडून त्याने ट्रेड, म्हणजे दुसऱ्या संघात बदली, मागितला, तो मिळाला नाही. तो तिथेच पिचिंग करत राहिला आणि सप्टेंबरात स्ट्रासबर्गची जागा भरायला त्यालाच बोलावलं. मुख्य पाच जणांनी मिळून १६२ पैकी १५० सामने सुरू केले, उरलेले १२ तिघांनी भागवले. इतकं स्थिर रोटेशन क्वचित दिसतं. दर नऊ इनिंगमागे दिलेल्या धावांची (क्षेत्ररक्षणाच्या चुका वगळून) संघाची ३.३३ ही सरासरी नॅशनल लीगमध्ये (मेजर लीगच्या दोन भागांपैकी एकात) सर्वांत कमी होती.

खरी उलथापालथ बुलपेनमध्ये, म्हणजे सामन्याच्या मधे रिलीफला उतरणाऱ्या पिचरांमध्ये, चालली होती. आदल्या वर्षी ४३ सेव्ह घेणारा, म्हणजे ४३ वेळा आघाडी शेवटपर्यंत राखणारा, क्लोजर (शेवटची, नववी इनिंग टाकणारा) एप्रिलमध्येच कोपराच्या शस्त्रक्रियेला गेला. बदली म्हणून आणलेला बुजुर्ग जूनमध्ये संघाबाहेर झाला. प्रचंड वेग असलेल्या दुसऱ्या पर्यायाचा स्ट्राइक झोनवर ताबा नव्हता. शेवटी आठवी इनिंग टाकणाऱ्याकडे नववी सोपवली आणि त्याने ३२ सेव्ह घेतले. जुना क्लोजर जुलैत परतला आणि हळूहळू पुन्हा आपल्या जागी आला. ऑक्टोबरचा पोस्टसीझन (विजेतेपदासाठीच्या बाद फेऱ्या) समजून घ्यायचा तर हा फेरफार स्ट्रासबर्गच्या प्रकरणाइतकाच लक्षात ठेवावा लागतो, पण चर्चेत तो येतच नाही.

आता तो निर्णय. महाव्यवस्थापकांनी सीझनआधीच सांगितलं होतं की स्ट्रासबर्गच्या इनिंगवर मर्यादा राहील. नेमका आकडा त्यांनी जाहीर केला नाही, पण १६०च्या आसपास हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. त्यामागे घरचंच उदाहरण होतं. रोटेशनमधल्या त्या दुसऱ्या टॉमी जॉनवाल्या पिचरला २०११ मध्ये १६१ इनिंग आणि एका आउटवर थांबवलं होतं. २०१२ मध्ये तो १९५ इनिंगच्या पुढे गेला, तेही उत्तम. पद्धत पारखलेली होती. फरक इतकाच, की २०११ला संघ शर्यतीत नव्हता, म्हणून कोणी हरकत घेतली नव्हती.

७ सप्टेंबरला मायामीविरुद्ध स्ट्रासबर्गने तीन इनिंगमध्ये पाच धावा दिल्या. १२ तारखेला त्याचा शेवटचा सामना ठरला होता. ८ सप्टेंबरला जाहीर झालं की तोही नाही, सीझन इथेच संपला. रोजच्या चर्चेने त्याचं लक्ष विचलित झालं आहे, असं कारण देण्यात आलं. २८ सामने, १५९ इनिंग आणि एक आउट, १९७ स्ट्राइकआउट, १५ विजय. आपल्याला हे पटलेलं नाही, असं त्याने उघड सांगितलं.

टीकाकारांच्या सगळ्या मुद्द्यांत मला एकच वजनदार वाटतो, आणि तो सप्टेंबरचा नसून एप्रिलचा आहे. मर्यादा १६०चीच होती, तर त्या इनिंग ऑक्टोबरपर्यंत पुरवता आल्या असत्या. त्याच वर्षी अटलांटाने तेच केलं. २०१० मध्येच शस्त्रक्रिया झालेला त्यांचा पिचर आधी बुलपेनमधून खेळवला आणि जुलैअखेर रोटेशनमध्ये आणला, त्यामुळे तो शेवटपर्यंत उपलब्ध राहिला. नॅशनल्सचं म्हणणं होतं की मधे थांबवून पुन्हा सुरू करणं हाताला जास्त घातक, नियमित लय मोडायची नाही. हा युक्तिवाद मधल्या खंडाला लागू पडतो, उशिरा सुरुवात करण्याला नाही. १९३३ नंतर राजधानीतला संघ पोस्टसीझनला पोहोचेल असं एप्रिलमध्ये कोणी धरलंच नव्हतं, हे त्यामागचं साधं कारण असावं. हात जपायचं ठरवलं हे योग्यच होतं. चुकलं ते वेळापत्रक.

नॅशनल्स ९८ विजयांसह पूर्व विभागात पहिले आले. पोस्टसीझनमध्ये सेंट लुईसविरुद्धच्या पाच सामन्यांच्या मालिकेत दुसरा सामना १२-४ आणि तिसरा ८-० असा हातून गेला. तिथे स्ट्रासबर्ग उपयोगी पडला असता, यात शंका नाही. पण चौथ्या सामन्यात पाचव्या जागेवरच्या त्या तरुण डावखुऱ्याने सहा इनिंगमध्ये एकच धाव दिली, तीही क्षेत्ररक्षणाच्या चुकीमुळे, आणि संघ २-१ने जिंकला. १२ ऑक्टोबरच्या पाचव्या सामन्यात तिसऱ्या इनिंगअखेर आघाडी ६-० होती. नवव्या इनिंगला ७-५. दोन आउट झालेले, आणि दोन वेगवेगळ्या फलंदाजांसमोर क्लोजर विजयापासून फक्त एका स्ट्राइकवर होता. दोघांनाही वॉक (चार वाईट चेंडूंवर फुकटचा बेस) मिळाला. मग दोन सिंगल (एका बेसचे फटके), चार धावा, आणि सेंट लुईस ९-७ने जिंकलं. क्लोजर आदल्या दिवशीही खेळला होता, आणि शस्त्रक्रियेतून परतून त्याला तीन महिनेही झाले नव्हते. शेवटी सामना गेला तो बुलपेनच्या हातून. संघाचं निदानही तेच असावं, कारण जानेवारीत त्यांनी नवा क्लोजर दोन वर्षांसाठी २ कोटी ८० लाख डॉलर देऊन आणला.

स्ट्रासबर्गने २०१४ मध्ये २१५ इनिंग टाकल्या. २०१९ला नियमित सीझनमध्ये २०९ आणि पोस्टसीझनमध्ये आणखी ३६. त्या वर्षी बुलपेन इतकं कमकुवत होतं की स्टार्टर्सनाच रिलीफला उतरवावं लागलं. वाइल्ड कार्ड सामन्यात (पोस्टसीझनच्या प्रवेशाच्या सामन्यात) स्ट्रासबर्गनेही तीन इनिंग तशाच टाकल्या. वर्ल्ड सीरिज या अंतिम मालिकेच्या ह्यूस्टनमधल्या सहाव्या सामन्यात तो नवव्या इनिंगपर्यंत टिकला आणि मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

उलट उदाहरण २०१५ मध्ये न्यूयॉर्क मेट्सचं. तिथल्या पिचरचा एजंट स्ट्रासबर्गचाच होता आणि त्याने १८० इनिंगची मर्यादा मागितली. बराच गदारोळ होऊन ती बाजूला पडली आणि शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्याच सीझनमध्ये, पोस्टसीझन धरून, त्या पिचरने २१६ इनिंग टाकल्या. संघ वर्ल्ड सीरिजपर्यंत गेला आणि हरला. पुढच्या जुलैत खांद्याजवळच्या दबलेल्या नसांवर त्याची शस्त्रक्रिया झाली आणि नंतर तो पूर्वीसारखा कधीच दिसला नाही. स्ट्रासबर्गला त्याच विकारासाठी टेबलावर जावं लागलं ते २०२१ मध्ये, म्हणजे थांबवल्यानंतर नऊ वर्षांनी. मधल्या काळात तो दोनदा ऑल-स्टार (वर्षातल्या निवडक खेळाडूंपैकी एक) झाला होता आणि एक विजेतेपद मिळालं होतं. २०१९अखेर त्याच्याशी केलेला सात वर्षांचा, २४ कोटी ५० लाख डॉलरचा करार मात्र नॅशनल्सना पूर्ण बुडीत गेला: आठ सामने, जेमतेम ३१ इनिंग, आणि एप्रिल २०२४ मध्ये अधिकृत निवृत्ती. २०१२च्या निर्णयाचे टीकाकार आता याच कराराकडे बोट दाखवतात, पण तो वेगळा निर्णय होता आणि त्याचा हिशेब वेगळाच मांडायला हवा.