तेवीस टक्क्यांवर मान टाकणारा फोन

मामांचा फोन आला, पण मामींच्या नंबरवरून. "अरे, माझा मोबाइल वेडा झालाय. तेवीस टक्के बॅटरी होती. फोटो काढायला गेलो, फ्लॅश पडला आणि सगळं काळं. चार्जरला लावला तर चालू होऊन लगेच एकोणीस टक्के दाखवतोय. मग बंद का पडला?"

कुणीतरी त्यांना एक फॉरवर्डही पाठवला होता. बॅटरी तीन वेळा पार शून्यावर न्यायची, दर वेळी बारा तास चार्ज करायची, म्हणजे तिची 'मेमरी' साफ होते. दुसऱ्या फॉरवर्डमध्ये फोन रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवायचा सल्ला होता. फॅक्टरी रीसेट तर मामा आधीच करून बसले होते. दुखणं तसंच राहिलं, जुने फोटो तेवढे गेले.

मामांच्या बोलण्यात निदान जवळजवळ तयारच होतं. चार्जरला लावताच एकोणीस टक्के! रिकामी बॅटरी मिनिटभरात एवढी भरत नाही. म्हणजे चार्ज आत होताच. बाहेर येत नव्हता.

घरातला जुना लोखंडी पाइप आठवा. वर टाकीत पाणी आहे, पण पाइपात आतून क्षार बसलेत. वॉश बेसिनचा नळ बारीक सोडला तर पाणी व्यवस्थित येतं. शॉवर पूर्ण सोडला की धार मरते. टाकीतलं पाणी मोजून या कोड्याचं उत्तर सापडणार नाही, कारण दोष वाटेत आहे. बॅटरीतल्या या अडथळ्याला अंतर्गत रोध म्हणतात. फोनच्या तक्रारींमध्ये मला सर्वांत आवडणारी गोष्ट हीच, तेव्हा इथे जरा रेंगाळतो.

शाळेतला ओहमचा नियम काढा. बॅटरीच्या टोकांवर मिळणारं व्होल्टेज म्हणजे तिचं आतलं व्होल्टेज, वजा करंट गुणिले अंतर्गत रोध. तेवीस टक्क्यांवर आतलं व्होल्टेज साधारण ३.७ धरू. नुसता मेसेज वाचताना फोन जेमतेम पाव अँपिअर घेतो. पण कॅमेरा, फ्लॅश, उजळ स्क्रीन आणि फोटोवर प्रक्रिया करणारा प्रोसेसर एकाच क्षणी जागे झाले की तो क्षणभर अडीच अँपिअर मागू शकतो. नव्या बॅटरीचा रोध ०.१ ओहम असेल तर व्होल्टेज पाव व्होल्टने घसरून ३.४५ होईल. फोन आरामात चालेल. जुन्या बॅटरीत तो रोध ०.२५ ओहम झाला असेल तर घसरण ०.६ व्होल्टच्या वर जाते आणि हाती उरतात जेमतेम ३.१. सर्किटाला किमान ३.२ लागत असतील, तर फोन त्याच क्षणी बंद. बंद झाला की करंटची मागणी थांबते आणि व्होल्टेज पुन्हा वर येतं. पुरावा गायब!

हे कागदावरचं झालं. माझ्या कपाटात मागचं झाकण उघडणारा एक जुना फोन पडून होता. त्याची बॅटरी काढून मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचं यंत्र) लावला, तर ३.७८ व्होल्ट. पाहणाऱ्याला वाटावं, ठणठणीत आहे. मग दोन ओहमचा, दहा वॉटचा सिमेंटचा रेझिस्टर, म्हणजे ठरावीक रोधाचा सुटा भाग, भार म्हणून जोडला. आकडा झटक्यात ३.१२ वर आला आणि तिथून हळूहळू आणखी उतरू लागला. रेझिस्टर पाहता पाहता हात लावता येणार नाही इतका तापला. तो काढताच आकडा उडी मारून ३.६ च्या वर गेला आणि पुढची पाच-सात मिनिटं कासवाच्या चालीनं चढत राहिला. गणित केलं तर रोध ०.४ ओहमच्या पुढे. (हा खेळ घरी करू नका. बॅटरीची टोकं चुकून थेट जोडली गेली तर प्रकरण हाताबाहेर जातं.)

त्या दोन चाली मला फार बोलक्या वाटतात. झटक्यातली उडी हा मुख्यतः साधा विद्युत रोध: धातूचे पत्रे, इलेक्ट्रोलाइट (आयन वाहून नेणारा द्रव), कणांवरचे थर. नंतरची संथ चढण मात्र लिथियमच्या आयनांची, म्हणजे विद्युतभार असलेल्या अणूंची. ते बॅटरीच्या एका बाजूच्या ग्रॅफाइटच्या आणि दुसऱ्या बाजूच्या कोबाल्टयुक्त ऑक्साइडच्या कणांमध्ये आत-बाहेर करतात. जोरात करंट ओढला की ग्रॅफाइटच्या कणाच्या पृष्ठभागाजवळचे आयन आधी संपतात, पोटातले मागे राहतात. भार काढला की ते सावकाश पसरतात आणि व्होल्टेज सावरतं.

रोध वाढतो कशानं? पहिल्याच चार्जिंगला ग्रॅफाइटवर इलेक्ट्रोलाइटच्या विघटनातून एक अतिपातळ पापुद्रा तयार होतो. तो हवाच असतो, कारण पुढचं विघटन तोच आवरतो. पण पूर्ण थांबवत नाही. पापुद्रा वर्षानुवर्षं जाड होत जातो, त्यात थोडं थोडं लिथियम कायमचं अडकतं आणि आयनांची वाट अवघड होते. उष्णता आणि सतत शंभर टक्क्यांवर राहणं, या दोन्हींनी ही झीज वेगानं होते. म्हणून तर हल्लीच्या फोनांत चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असते. उन्हात, गाडीच्या काचेखाली फोन चार्ज करणं हे त्यातलं सर्वांत वाईट.

थंडीत रोध तात्पुरता वाढतो, कारण इलेक्ट्रोलाइट दाट होतो आणि अभिक्रिया मंदावतात. फ्रीजरवाल्या फॉरवर्डचा निकाल इथेच लागला. शिवाय गार फोन बाहेर काढल्यावर त्यावर आणि त्याच्या आत दव जमतं ते वेगळंच. 'मेमरी'ची, म्हणजे अर्धवट वापरानं क्षमता घटल्यासारखी वाटण्याची, गोष्ट निकेल-कॅडमियमच्या जुन्या बॅटऱ्यांची. सोनीनं १९९१ मध्ये लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली, तिच्या शोधासाठी २०१९ चं नोबेलही देऊन झालं, तरी सल्ले अजून कॅडमियमच्या काळातले! आणि 'एका टचमध्ये फोन थंड करा' म्हणणारी ॲप्स? सॉफ्टवेअर फार तर फोनकडून कमी काम करून घेईल. ॲपच्या पोटात पंखा नसतो.

याच रोधावरून २०१७ मध्ये मोठा गदारोळ झाला होता. ॲपलनं त्या वर्षाच्या सुरुवातीला आयओएस १०.२.१ या आयफोनच्या सॉफ्टवेअरमध्ये अशी व्यवस्था केली, की बॅटरी म्हातारी असेल तर काही आयफोन प्रोसेसरची उसळी आवरतील, म्हणजे अचानक बंद पडणार नाहीत. अभियांत्रिकी म्हणून युक्ती बिनतोड. फक्त फोन मंद का झाला, हे लोकांना नीट सांगितलं नव्हतं. डिसेंबरमध्ये कंपनीला माफी मागावी लागली आणि पुढे बॅटरीचं आरोग्य दाखवणारा पडदा सेटिंग्जमध्ये आला.

बॅटरीच्या सगळ्या तक्रारी मात्र या एकाच दुखण्याच्या नसतात. फोन टेबलावर नुसता पडलेला असताना आकडा चाळीसवरून एकदम पंचवीसवर आला, तर अंदाज चुकतोय. टक्के हा अंदाजच असतो, कारण पेट्रोलच्या टाकीसारखा बॅटरीत तरंगता काटा नसतो. काही हजारांश ओहमच्या रेझिस्टरमधून किती चार्ज गेला आणि आला, याचा जमाखर्च एक चिप ठेवते. छोट्या चुका साठत जातात. फोन निवांत असताना ती व्होल्टेज पाहून हिशेब जुळवते, पण मधल्या टप्प्यात व्होल्टेजचा आलेख इतका सपाट असतो की चाळीस आणि पन्नास टक्क्यांत फरक करणं कठीण. तिसरा प्रकार म्हणजे टक्के सरळ, सुरळीत, पण भराभर उतरतात. तेव्हा सेटिंग्जमधली बॅटरीची यादी उघडा. एखादं ॲप रात्रभर जागं असतं, किंवा सिग्नल क्षीण असल्यानं फोन टॉवरपर्यंत पोचायला जास्त शक्ती लावत असतो. ॲप्स सारखी वर सरकवून बंद करत बसण्यानं उपयोग कमीच, कारण तीच ॲप्स पुन्हा पहिल्यापासून उघडताना जास्त ऊर्जा जाते. आणि मागचं झाकण उचललं गेलं असेल, स्क्रीन कडेनं सुटली असेल, तर बॅटरीत वायू धरलाय. चार्जिंग बंद करा, दाबू नका, टोचू नका, ती जाणकाराकडूनच काढून घ्या.

मामांना मी एवढंच विचारलं, "गेम खेळताना, व्हिडिओ कॉलवर पण बंद पडतो का? आणि नुसता वाचत बसलात तर?" व्हिडिओ कॉलवर दोनदा पडला होता, वाचताना एकदाही नाही. बॅटरी बदलली आणि फ्लॅशचा प्रश्न सुटला.

आठवड्यानं पुन्हा फोन, या वेळी स्वतःच्या नंबरवरून. "नवी बॅटरी टाकली, तरी साठवरून एकदम बावन्नवर आला रे." काही फोनांत जमाखर्च ठेवणारी चिप बॅटरीत नाही, मुख्य बोर्डवर असते. बॅटरी नवी आली तरी वही जुनीच राहते. अशा वेळी एकदा फोन आपोआप बंद होईपर्यंत वापरून, मग न थांबता शंभरपर्यंत चार्ज केला की चिपला दोन्ही टोकं नव्यानं कळतात. मी तसं करायला सांगितलं.

पलीकडे दोन क्षण शांतता. मग मामा म्हणाले, "म्हणजे त्या फॉरवर्डमध्ये होतं तेच की!"

"तीनदा नाही मामा, एकदाच. आणि बारा तास नकोत."