अमेरिकेत बॅचलर्ससाठी अर्ज: सेफ्टी, मॅच, रीच कॉलेजं कशी निवडायची आणि कागदपत्रं काय लागतात

दहावीला 96 टक्के, सॅट (तिथल्या प्रवेशासाठीची परीक्षा, 1600 पैकी) 1530, कम्प्युटर सायन्स हवंय, आणि यादीत एमआयटी, स्टॅनफर्ड, बर्कली, कार्नेगी मेलन, जॉर्जिया टेक, कॉर्नेल. हुशार पोरांच्या याद्या बहुतेक अशाच असतात, कारण घरात आणि नातेवाइकांत सगळ्यांना माहीत असलेली नावं हीच. आता या यादीत एकही कॉलेज असं नाहीये जिथे या मुलाला नक्की घेतील. 1530 आपल्याला केवढा वाटतो, पण एमआयटीत अ‍ॅडमिशन मिळालेल्यांमध्ये तो खालच्या टोकाला येतो.

आधी पात्रतेचं, ते सोपंय. बारा वर्षांचं शिक्षण पूर्ण होत असलं पाहिजे, मग बोर्ड एचएससी असो, सीबीएसई असो की आयबी, आणि इंग्रजीसाठी टोफेल, आयईएल्ट्स किंवा ड्युओलिंगो यातलं जे कॉलेज मागेल ते. कटऑफ नाही, कॅप राउंड नाही, मेरिट लिस्ट नाही. आपल्याकडच्या पालकांची गडबड इथेच होते, कारण 'एवढ्या मार्कांना कुठलं कॉलेज मिळेल' याचं सरळ उत्तर तिथे कोणीच देत नाही, मार्कांबरोबर निबंध, शिक्षकांची पत्रं, बाकीचे उद्योग सगळं बघतात.

म्हणून तीन गट करायचे. जे कॉलेज शंभरातल्या पंधरा-वीस जणांनाही घेत नाही ते सगळ्यांसाठी रीच, तुम्ही कितीही टॉपर असा. मॅच म्हणजे तुमचा स्कोर तिथे घेतलेल्या मुलांच्या मधल्या पट्ट्यात बसतो आणि कॉलेज बऱ्यापैकी मुलं घेतं. सेफ्टीला मात्र तीन अटी आहेत: प्रवेश जवळजवळ नक्की, खर्च घरच्यांना पेलणारा, आणि मुलगा तिथे खरंच जायला तयार. तिसरी अट पूर्ण होत नसेल तर फॉर्मचे पैसे वाया घालवू नका.

माझं म्हणणं एवढंच की यादी खालून करायला घ्या. रीच कोणीही पाच मिनिटांत लिहून देतं, सेफ्टी शोधायला महिना जातो. उदाहरणार्थ अ‍ॅरिझोना स्टेट आपले प्रवेशाचे निकष वेबसाइटवर उघड लिहितं, ते बसले की प्रवेश (इंजिनिअरिंगला निकष जरा वरचे आहेत, ते वेगळे बघा). अशी दोन कॉलेजं पक्की झाली की मग चार-पाच मॅच आणि राहिलेल्या जागेत हवी तेवढी स्वप्नं. कॉमन अ‍ॅपवर (एकच फॉर्म अनेक कॉलेजांना पाठवायचं पोर्टल) कमाल 20 कॉलेजं घेता येतात, पण प्रत्येकाचे वेगळे निबंध असतात, दहा-बारावर गेलात तर बारावीचा अभ्यास बोंबलणार.

आता आकडे कुठून आणायचे. एजंटकडून नको. गूगलवर कॉलेजचं नाव आणि पुढे कॉमन डेटा सेट (कॉलेजने स्वतः ठरावीक नमुन्यात दिलेली आकडेवारी) टाका, बहुतेक कॉलेजांची पीडीएफ मिळते. त्यात सी7 मध्ये कॉलेज कशाला किती महत्त्व देतं याचा तक्ता आहे, सी9 मध्ये आलेल्या मुलांचे सॅटचे 25 आणि 75 पर्सेंटाइल, आणि एच6 मध्ये परदेशी मुलांना आर्थिक मदत देतात का, किती जणांना दिली, सरासरी किती दिली. सी7 मध्ये एक ओळ असते, अर्जदाराला आमच्यात किती रस आहे याची. तिथे 'महत्त्वाचं' असं असेल तर सेफ्टी समजून कसाबसा भरलेला फॉर्म टॉपरलाही नाकारला जातो, त्यामुळे त्यांचे ऑनलाइन सेशन करा, निबंध मनापासून लिहा.

पैशाचा मुद्दा सगळ्यात मोठा आणि त्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. मोठ्या प्रायव्हेट कॉलेजात राहण्या-खाण्यासकट वर्षाला 80-90 हजार डॉलर लागतात. परदेशी मुलाने मदत मागितली म्हणून प्रवेशात फरक पडू न देणारी कॉलेजं हातावर मोजण्याइतकी, हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट, डार्टमथ, बोडन वगैरे, आणि ती सगळी रीच. बाकी बहुतेक ठिकाणी मदत मागितली की स्पर्धा वाढते, म्हणजे कागदावरचं मॅच तुमच्यासाठी रीच झालं, आणि सरकारी विद्यापीठं गरजेवर आधारित मदत परदेशी मुलांना सहसा देतच नाहीत. फाफ्सा, म्हणजे अमेरिकी सरकारच्या आर्थिक मदतीचा फॉर्म, परदेशी मुलांसाठी नाही, त्यांना कॉलेजने मागितलं तर सीएसएस प्रोफाइल, म्हणजे कॉलेजच्या मदतीसाठीचा फॉर्म, भरावा लागतो. पण आई-बाबा अमेरिकेत असताना तिकडे जन्मलेलं आणि आता पुण्यात शिकणारं मूल असेल तर ते अमेरिकन नागरिक आहे, ते फाफ्सा भरू शकतं आणि अर्जातही परदेशी धरलं जात नाही. हे लक्षातच न आलेली घरं मी पाहिलीत!

ब्रँचही बघा. इलिनॉय अर्बाना-शॅम्पेन किंवा वॉशिंग्टन विद्यापीठ सिअ‍ॅटल एकूण आकड्यांवर मॅच दिसतील, पण कम्प्युटर सायन्सला तीच सरळ रीच, आणि आत गेल्यावर ब्रँच बदलू म्हणाल तर ते फार अवघड आहे.

तारखा: कॉमन अ‍ॅप 1 ऑगस्टला उघडतं. अर्ली डिसिजन म्हणजे लवकरच्या अर्जाची मुदत साधारण 1 नोव्हेंबर, एकाच कॉलेजला, आणि मिळालं तर जाणं बंधनकारक, त्यावर पालक आणि काउन्सेलरचीही (शाळेतला प्रवेश-सल्लागार) सही असते. मिळणारी मदत पुरेशी नसेल तर त्यातून बाहेर पडता येतं, पण वेगवेगळ्या कॉलेजांच्या मदतीची तुलना करायची असेल तर त्या वाटेला जाऊ नका. अर्ली अ‍ॅक्शनला बंधन नसतं, सेफ्टी आणि मॅच तिथेच उरकून टाका. रेग्युलर म्हणजे नेहमीच्या अर्जाची मुदत साधारण 1 जानेवारी. एमआयटीचं पोर्टल वेगळं, कॅलिफोर्नियाच्या यूसी कॅम्पसचा अर्जही वेगळा, तो नोव्हेंबरअखेर संपतो आणि यूसी सॅट बघतच नाही.

कागदपत्रांत आपल्या स्टेट बोर्डाच्या मुलांची खरी दमछाक होते. नववी ते बारावीचे मार्क लागतात, म्हणजे नववी-दहावीसाठी शाळेत आणि अकरावी-बारावीसाठी ज्युनिअर कॉलेजात अशा दोन फेऱ्या. टक्के आहेत तसेच द्या, स्वतः जीपीए (तिकडची ग्रेडची सरासरी) काढत बसू नका, स्केल 100 टाकता येतो. काउन्सेलर नावाचा माणूस आपल्या कॉलेजात नसतो, ते काम प्राचार्य किंवा उपप्राचार्य करू शकतात, पण स्कूल रिपोर्ट (शाळेने भरायचा फॉर्म), ट्रान्सक्रिप्ट (गुणांचा उतारा) आणि कॉलेजची माहिती देणारं स्कूल प्रोफाइल त्यांना स्वतः अपलोड करावं लागतं, तेव्हा जुलैतच सरांना गाठा. दोन शिक्षकांची पत्रं लागतात, एमआयटी तर एक गणित-सायन्सच्या आणि एक भाषा किंवा समाजशास्त्राच्या शिक्षकाचं मागतं, म्हणजे आपल्याकडे इंग्रजीच्या मॅडम. इंटिग्रेटेडवाल्यांनो, कॉलेजात तोंडच दाखवलं नसेल तर मॅडम काय लिहिणार?

आणि नाव! एचएससीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं, आणि पासपोर्टवर वेगळाच क्रम, कधी वडिलांचं नाव गायबच. सॅट, टोफेल, कॉमन अ‍ॅप सगळीकडे पासपोर्टप्रमाणेच नाव टाका, नाहीतर स्कोर अर्जाला जुळतच नाही आणि ईमेल करत बसावं लागतं.

निकाल मार्चअखेरपर्यंत येतात, कॉलेज 1 मेपर्यंत पक्कं करायचं. मिळालेला प्रवेश बारावीच्या निकालावर अवलंबून असतो, मार्क धाडकन खाली आले तर काढूनही घेतात, म्हणून सीईटी आणि इथला एखादा फॉर्म भरून ठेवलेला बरा. आय-20 (व्हिसासाठी कॉलेज देतं तो कागद) साठी पहिल्या वर्षाचा पूर्ण खर्च बँकेत दाखवावा लागतो: सेव्हिंग, एफडी, मंजूर झालेल्या एज्युकेशन लोनचं पत्र चालतं, ठाण्यातला फ्लॅट किंवा गावची जमीन बहुतेक ठिकाणी धरत नाहीत. आय-20 आला की 350 डॉलर सेविस फी (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची), डीएस-160 हा व्हिसाचा फॉर्म, आणि मग एफ-1 म्हणजे विद्यार्थी व्हिसासाठी मुंबईत बीकेसीतल्या अमेरिकन वकिलातीत मुलाखत. उन्हाळ्यात तिथल्या तारखा मिळायची मारामार असते, त्यामुळे पैशाचे कागद एप्रिलमध्येच तयार ठेवा.