पाप, दुरावा आणि तारण : कृष्णाकाठी आलेल्या एका श्रद्धेची पार्श्वभूमी

गुरू कन्या राशीत आला की गंगा कृष्णेला भेटायला येते, अशी कृष्णाकाठची श्रद्धा आहे. दर १२ वर्षांनी येणाऱ्या त्या कन्यागत पर्वात वाईच्या घाटांवर आणि साताऱ्याजवळ संगम माहुलीला स्नानासाठी गर्दी होते. पाप माणसाला चिकटते आणि ते धुऊन निघावे लागते, ही जाण इथे ख्रिस्ती उपदेशक येण्याच्या कितीतरी आधीपासून आहे. त्यामुळे ‘पापाने माणूस देवापासून दुरावला आणि ख्रिस्ताने तो दुरावा मिटवला’ हे सातारा-सांगलीच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, सांगितले जाते तेव्हा ऐकणाऱ्याला अर्धे ओळखीचे वाटते. उरलेले अर्धे फार लांबून आले आहे.

त्याची सुरुवात बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात आहे. आदाम आणि हव्वा मना केलेले फळ खातात आणि देवाची चाहूल लागताच झाडांआड लपतात. दुराव्याचे पहिले पाऊल माणसाचे आहे. देव मात्र हाक मारतो, “तू कोठे आहेस?” पुढचा सगळा तारणाचा, म्हणजे पापातून सुटकेचा, विचार मला या एका प्रश्नातून निघालेला दिसतो. बागेबाहेर घालवण्याआधी देव त्या दोघांना कातड्याची वस्त्रे करून घालतो, हेही तिथेच लिहिले आहे. उपदेशात शाप जितका ऐकू येतो तितकी ही वस्त्रे ऐकू येत नाहीत, याची मला खंत वाटते.

इस्राएल लोकांनी हा दुरावा उपासनेच्या रचनेतच बसवला. मंदिराच्या सर्वांत आत परमपवित्रस्थान, त्याच्यापुढे पडदा, आणि त्या पडद्याआड वर्षातून एकाच दिवशी, प्रायश्चित्ताच्या दिवशी, एकट्या महायाजकाने, म्हणजे मुख्य पुरोहिताने, जायचे. त्या दिवसासाठी बायबलमधल्या लेवीय या पुस्तकाच्या १६ व्या अध्यायात दोन बकरे सांगितले आहेत. एकाचा बळी देऊन त्याचे रक्त आत शिंपडायचे. दुसऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून महायाजकाने साऱ्या लोकांचे अपराध मोठ्याने कबूल करायचे आणि तो बकरा रानात सोडून द्यायचा.

पण विधी झाला की काम झाले, असे मानणाऱ्यांना संदेष्ट्यांनी स्वस्थ बसू दिले नाही. यशया या संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या ५९ व्या अध्यायात हे फार स्पष्ट आहे. देवाचा हात तोकडा पडलेला नाही, त्याचा कान जड झालेला नाही. तुमची दुष्कर्मेच तुमच्या आणि देवाच्या मध्ये आडवी आली आहेत, असा त्याचा रोख आहे. ती दुष्कर्मे कोणती? रक्ताने माखलेले हात, खोटे बोलणारे ओठ, खोटे दावे, न्यायाला मिळालेली पाठ. शेजाऱ्याशी केलेला अन्याय थेट देवाशी असलेले नाते तोडतो, हा या परंपरेचा गाभा आहे, आणि पाप म्हणजे फक्त दारू आणि व्यभिचार असे समजणाऱ्यांनी हा अध्याय पूर्ण वाचायला हवा.

येशूने वधस्तंभावर प्राण सोडला तेव्हा मंदिरातला तो पडदा वरपासून खालपर्यंत फाटला, असे येशूचे चरित्र लिहिणारे मत्तय आणि मार्क दोघेही सांगतात. येशूचा प्रेषित पौल याने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात येशूच्या मरणाचा अर्थ मांडला: सर्वांनी पाप केले आहे, यहूदी असो वा नसो, पापाचे वेतन मरण आहे आणि सार्वकालिक जीवन हे देवाचे दान आहे. वेतन कमवावे लागते, दान घ्यावे लागते.

पुढे शतकानुशतके वाद झाले. माणूस स्वतःच्या बळावर चांगला होऊ शकतो, असा पेलाजियस या धर्मशिक्षकाचा विश्वास होता. इच्छाच आजारी आहे, कृपेशिवाय ती उठणार नाही, असे बिशप ऑगस्टीन (३५४–४३०) म्हणाला, आणि ४१८ मध्ये कार्थेजच्या धर्मसभेने पेलाजियसची मते नाकारली. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्या मात्र आदामाकडून आपल्याला मरण मिळाले असे मानतात, त्याचा दोष वारशाने येतो असे मानत नाहीत. धर्मपंडित अन्सेल्मने अकराव्या शतकाच्या अखेरीस पापाकडे देवाच्या सन्मानाचे न फिटणारे ऋण म्हणून पाहिले. सोळाव्या शतकात प्रोटेस्टंट सुधारक मार्टिन ल्यूथरने विश्वासाने मिळणाऱ्या नीतिमत्त्वावर, म्हणजे देवापुढे निर्दोष ठरण्यावर, सारा भर दिला. मिशनऱ्यांबरोबर आपल्याकडे आली ती प्रामुख्याने ही शेवटची मांडणी.

ती मराठी कानाला आपली वाटली, याचे श्रेय मी सर्वांत आधी कवी नारायण वामन टिळकांना देईन. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नवा करार, म्हणजे बायबलचा येशूपासूनचा भाग, दिला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते सांगत. ‘पतितपावन’ म्हणून देवाला आळवणाऱ्या वारकऱ्याला स्वतःचे पतितपण शिकवावे लागत नाही, हे त्यांनी ओळखले होते. अभंगाच्या चालीवर त्यांनी ख्रिस्ताची आर्त भजने लिहिली, आणि ती आजही मराठी मंडळ्यांत गायली जातात.

१९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून टिळक साताऱ्याला आले आणि त्यांनी ख्रिस्तभक्तांचा ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे जागा होती. दुरावा मिटवणारा देव असेल तर कोण जवळ आले आणि कोण नाही हे मंडळीच्या नोंदवहीवरून ठरवता येत नाही, असा त्याचा अर्थ मी घेतो. ९ मे १९१९ रोजी टिळक वारले. दरबाराला त्यांची दोनच वर्षे मिळाली.

त्याआधीच मिरजेत हाच विश्वास वेगळ्या रीतीने रुजत होता. मिशनरी डॉ. विल्यम वॉनलेस १८८९ मध्ये भारतात आले आणि १८९४ मध्ये मिरजेचे रुग्णालय उभे राहिले. वॉनलेस यांच्याच मिशनने कुष्ठरुग्णांसाठीही रुग्णालय चालवले. कुष्ठ म्हणजे मागच्या जन्मीच्या पापाचे फळ, असे गावोगाव मानले जाई आणि रोग्याला गावाबाहेर काढले जाई. लेवीयातही अशा रोग्याने छावणीबाहेर राहावे असाच नियम आहे. येशूने मात्र त्याला हात लावला.

पापाची शिकवण आजाऱ्याच्या अंगावर टाकण्याचा मोह ख्रिस्ती माणसांनाही सुटलेला नाही. रुग्णाच्या उशाशी बसून “कोणते पाप लपवून ठेवले आहेस?” असे विचारत प्रार्थना करणारे अजूनही भेटतात. योहानाने लिहिलेल्या येशूचरित्राच्या नवव्या अध्यायात येशूचे शिष्य जन्मांध माणसाकडे बोट दाखवून हेच विचारतात: पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? येशू उत्तर देतो, याचेही नाही आणि त्यांचेही नाही. आणि मग तो त्या माणसाचे डोळे उघडतो.