केशपुनर्वृद्धी, कर्करोगोपचारोत्तर

कर्करोगावरील रसायनोपचारामुळे (रुग्णांच्या बोलीत ‘केमो’) किंवा डोक्यावर दिलेल्या किरणोपचारामुळे (‘शेक’) गळालेले केस पुन्हा उगवण्याची क्रिया, तसेच त्या काळात केसांची व डोक्याच्या त्वचेची घ्यावयाची निगा. चाई, वयोमानाने पडणारे टक्कल आणि बाळंतपणानंतरची केसगळती यांहून ही अवस्था वेगळी आहे. येथे केशपुटक (त्वचेतील जी पिशवी केस घडवते ती) बहुधा जिवंत राहतो. त्याचे चालू काम तेवढे मध्येच तुटते.

गळतीचे स्वरूप : माणसाच्या डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात. त्यांपैकी ८५ ते ९० टक्के एका वेळी वृद्धी अवस्थेत असतात. ही अवस्था दोन ते सहा वर्षे चालते, त्यानंतरची संक्रमण अवस्था दोन-तीन आठवड्यांत आटोपते आणि विश्रांती अवस्था साधारण तीन महिने टिकते. वृद्धी अवस्थेतील केशकंदाच्या (पुटकाच्या तळाशी असलेल्या, केस घडवणाऱ्या भागाच्या) पेशी शरीरातील सर्वांत वेगाने विभागणाऱ्या पेशींपैकी आहेत. वेगाने विभागणाऱ्या पेशींवर घाला घालणाऱ्या औषधाला अर्बुदाची (कर्करोगाच्या गाठीची) पेशी आणि कंदाची पेशी यांतला भेद कळत नाही. औषध चढल्यावर तयार होणारा केसाचा भाग निमुळता व दुबळा होतो (पोल-पिंकस आकुंचन) आणि तेथेच तुटतो. सूक्ष्मदर्शकाखाली असा केस तासलेल्या पेन्सिलीच्या टोकासारखा दिसतो. आपोआप झडणाऱ्या केसाच्या मुळाशी असते तशी पांढरी गाठ त्याला नसते. पहिल्या मात्रेनंतर साधारण दोन-तीन आठवड्यांनी उशीवर आणि न्हाणीच्या जाळीवर केस दिसू लागतात. डॉक्सोरुबिसिन, सायक्लोफॉस्फमाइड, पॅक्लिटॅक्सेल व डॉसेटॅक्सेल यांमुळे गळती हमखास होते. मेथोट्रेक्सेट किंवा ५-फ्ल्युओरोयुरॅसिल घेणाऱ्यांचे केस पुष्कळदा नुसते विरळ होतात.

केस परत येतात ते पुटकाच्या वरच्या अंगाला असलेल्या फुगवट्यातील मूलपेशींमुळे. या पेशी क्वचितच विभागतात, असे १९९० मध्ये अमेरिकी संशोधकांनी उंदरांवर दाखवले. औषधाच्या तडाख्यातून त्या बचावतात त्या याच संथपणामुळे, असे मानले जाते. पी-५३ हे प्रथिन नसलेल्या उंदरांचे केस सायक्लोफॉस्फमाइडने गळत नाहीत, असे २००० साली आढळले. मात्र पी-५३ पेशींना अर्बुदापासूनही जपते. केसांसाठी ते दाबून ठेवण्याची कल्पना म्हणूनच प्रयोगशाळेबाहेर फारशी आलेली नाही. उंदरांवरील कामातून आणखी एक अनपेक्षित गोष्ट पुढे आली. कमी इजा झालेला पुटक बिघडलेल्या वृद्धी अवस्थेतच रेंगाळतो व त्याला सावरायला वेळ लागतो. जबर इजा झालेला पुटक घाईने संक्रमण अवस्थेत शिरतो, केस टाकून देतो आणि नव्या दमाने चक्र सुरू करतो. माणसाच्या डोक्यावर दोन्ही प्रकार शेजारीशेजारी घडत असावेत; केस ठिकठिकाणी पुढेमागे उगवतात याचा हा संभाव्य खुलासा होय.

वाढीचा क्रम : शेवटच्या मात्रेनंतर काही आठवड्यांत जावळासारखी मऊ, बहुधा बिनरंगी लव दिसते. कानशिलाकडून उजेड आला तर ती दिसते, समोरून पाहिल्यास डोके गुळगुळीतच वाटते. खरे, रंग धरलेले केस त्यानंतर येतात आणि तीन ते सहा महिन्यांत डोके झाकले जाते. क्वचित उपचार चालू असतानाच लव फुटते. केसांचा वेग महिन्याला साधारण एक सेंमी. या हिशेबाने मानेखाली रुळणाऱ्या ३० सेंमी केसांना अडीच वर्षे आणि कमरेपर्यंतच्या ७० सेंमीच्या शेपट्याला सहा वर्षांच्या आसपास लागतात. पुटकाची वृद्धी अवस्था मुळातच आखूड असेल तर पूर्वीची लांबी गाठलीही जात नाही. हा हिशेब रुग्णाला आधीच सांगितलेला बरा. ‘सहा महिन्यांत केस येतात’ या वाक्याचा अर्थ सांगणारा आणि ऐकणारा वेगवेगळा लावतात.

कुरळेपणाचा प्रश्न : आधी सरळ असलेले केस उपचारानंतर कुरळे, जाड किंवा राठ येतात. पोत किंवा रंग बदलण्याचे प्रमाण सुमारे ६५ टक्के असे वैद्यकीय ग्रंथांत वारंवार दिलेले असते. या आकड्यात रंग आणि पोत दोन्ही एकत्र धरलेले असल्याने तो जपून वापरावा. ‘केमोचे कुरळे केस’ ही संज्ञा रुग्णांनी रुजवली व वैद्यकाने उचलली.

कारणाबद्दल एकमत नाही. शरीरात उरलेल्या औषधामुळे केस वळतात, ही लोकप्रिय समजूत कालक्रमात बसत नाही. बहुतेक औषधे काही दिवसांत शरीराबाहेर पडतात, कुरळे केस मात्र महिनोन्महिने येत राहतात. दुसऱ्या मतानुसार पुटकाचाच आकार बदलतो, कारण कुरळ्या केसांचा पुटक त्वचेत वाकलेला असतो. पण तसे असते तर हा बदल कायम राहायला हवा होता. प्रत्यक्षात बहुतेकांचे केस वर्ष-दीड वर्षात मूळ वळणावर येतात. तिसरे मत केशकंदातील असमतोलावर बोट ठेवते. मेरिनो लोकरीच्या तंतूचे दोन अर्धे निरनिराळ्या गुणधर्मांचे असतात आणि त्यामुळे तंतू वळतो, हे होरिओ व कोंडो या जपानी संशोधकांनी १९५३ मध्ये दाखवले होते. माणसाच्या केसाचे वळणही कंदापासूनच ठरते, असे २००५ साली फ्रेंच संशोधकांनी मांडले. कंदाच्या एका बाजूच्या पेशी दुसरीपेक्षा जास्त काळ विभागत राहिल्या की केस वाकडा घडतो. औषधातून उठलेल्या कंदाच्या दोन्ही बाजू एकाच वेळी सावरत नसतील, तर काही काळ असे घडणे स्वाभाविक आहे. उपलब्ध माहितीशी हे मत अधिक जुळते. त्यात एक साधी भर घालता येईल : आखूड केसाला स्वतःचा भार नसतो आणि सगळे केस एकाच वयाचे असल्याने प्रत्येक वळण उठून दिसते.

एकदा वळून आलेला केस नंतर आपोआप सरळ होत नाही, कारण त्वचेबाहेरचा केस मृत असतो. सरळ होतो तो मुळाकडून नव्याने येणारा भाग. त्यामुळे वर्षभराने ओढून पाहिलेला एकच केस मुळाशी सरळ आणि टोकाला कुरळा असू शकतो. टोके कातरत गेले की कुरळेपणा ‘गेला’ असे वाटते.

रंग : प्रथम येणारे केस पांढरे किंवा करडे असणे नेहमीचे आहे. रंजकपेशींच्या मूलपेशी फुगवट्याजवळच असतात, परंतु कंदात उतरून मेलॅनिन पुरवायला त्यांना वेळ लागत असावा. नव्या लक्ष्यवेधी औषधांनी या विषयात चमत्कारिक भर घातली आहे. सुनिटिनिब चार आठवडे देऊन दोन आठवडे थांबवतात, तेव्हा एकाच केसावर पांढरे आणि काळे पट्टे उमटतात. झाडाच्या खोडावरील वलयांप्रमाणे त्यांवरून उपचाराच्या फेऱ्या मोजता येतात. उलट इमॅटिनिब घेणाऱ्या काही रुग्णांचे पिकलेले केस पुन्हा काळे झाल्याची नोंद २००२ मध्ये झाली, तर फुप्फुसाच्या कर्करोगावर प्रतिकारशक्ती जागवणारी औषधे घेणाऱ्या १४ रुग्णांबाबत तशीच नोंद २०१७ मध्ये झाली.

निगा : या भागातील बहुतेक सल्ला अनुभवाचा आहे, चाचण्यांवर आधारलेला थोडा. सौम्य शाम्पू आठवड्यातून एक-दोनदा, कोमट पाणी, लहान बाळाचा मऊ ब्रश आणि उन्हात सुती टोपी किंवा ओढणी, एवढे पुरते. केसांनी पुरेशी सावली धरेपर्यंत डोक्याची त्वचा उन्हाने लवकर भाजते. घट्ट वेणी, रबर आणि गरम हवेचे यंत्र सुरुवातीला टाळावे. कलप व रासायनिक कुरळीकरण सहसा सहा महिने लांबवण्यास सांगतात, काही तज्ज्ञ तीन महिने पुरे मानतात. शुद्ध मेंदीला हरकत नसते, पण बाजारातील ‘काळी मेंदी’ पुष्कळदा पॅराफेनिलीनडायअमीन हे कलपातील रसायन मिसळलेली असते आणि तिची ॲलर्जी तीव्र असू शकते. कानामागे थोडी लावून ४८ तास पाहणे केव्हाही शहाणपणाचे. शेक दिलेल्या जागी तो चालू असताना डॉक्टरांना विचारल्याखेरीज तेल लावू नये.

माका, जास्वंद व आवळा यांची तेले घरोघर वापरली जातात. त्यांनी केस मऊ राहतात. उपचारोत्तर वाढ लवकर होते, असे दाखवणारा भरवशाचा पुरावा नाही. नवे केस एकदा उतरवून टाकले की दाट येतात, ही समजूत जावळाच्या रूढीतून आली असावी. वस्तऱ्याचा वाढीवर परिणाम होत नाही, हे अमेरिकी शरीररचनाशास्त्रज्ञ मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी १९२८ सालीच दाखवून दिले होते. बायोटिनच्या गोळ्यांबाबत इशारा देणे अवश्य आहे. त्या मोठ्या मात्रेत घेतल्यास थायरॉइड, ट्रोपोनिन (हृदयविकाराचा झटका ओळखण्यासाठी) इत्यादी रक्तचाचण्या चुकीच्या येऊ शकतात, असे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ मध्ये जाहीर केले. ज्यांच्या रक्ताच्या तपासण्या वारंवार होतात अशा रुग्णांनी त्या विचारूनच घ्याव्यात.

टकलावर वापरल्या जाणाऱ्या मिनॉक्सिडिल या औषधाचा लेप गळती थांबवत नाही. १९९६ मधील एका लहान चाचणीत मात्र टकलाचा काळ सुमारे ५० दिवसांनी कमी झाला.

केस न परतणे : उपचारानंतर सहा महिन्यांनीही वाढ अपुरी असल्यास तिला चिवट केशहानी म्हणतात. अस्थिमज्जारोपणापूर्वीचे बुसल्फान व स्तनाच्या कर्करोगावरील डॉसेटॅक्सेल यांच्याशी तिचा संबंध जोडला जातो. डॉसेटॅक्सेलच्या माहितीपत्रकात कायमच्या केशहानीचा उल्लेख अमेरिकेत २०१५ च्या डिसेंबरात घातला गेला. टॅमॉक्सिफेन, लेट्रोझोल यांसारख्या पाच-दहा वर्षे घ्यावयाच्या संप्रेरकविरोधी गोळ्यांनीही भांगाजवळ केस विरळ राहतात. हे केमोचे उरलेले परिणाम समजले जातात व मूळ कारण नजरेआड होते. थायरॉइड व लोहाची कमतरता तपासणे येथे अगत्याचे. किरणोपचारात सारे मात्रेवर अवलंबून असते : सुमारे दोन ग्रेला (ग्रे हे किरणांची मात्रा मोजण्याचे एकक) तात्पुरती गळती होते, तर पुटकांना ४३ ग्रे मिळाल्यास निम्म्या रुग्णांत ती कायमची ठरते, असे २००४ च्या एका अभ्यासात आढळले.

प्रतिबंध : १९६० च्या दशकात डोक्याभोवती पट्टा आवळून रक्तपुरवठा रोखण्याचे प्रयोग झाले, पुढील दशकात बर्फाच्या टोप्या आल्या. आजची यंत्रे डोक्याची त्वचा उपचाराच्या आधी, दरम्यान आणि नंतर थंड ठेवतात. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील दोन चाचण्यांत अनुक्रमे ५०.५ व ६६.३ टक्के स्त्रियांचे निम्म्याहून अधिक केस टिकले. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील ५१ रुग्णांची चाचणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. तीतही शीतन घेतलेल्या निम्म्याहून थोड्या अधिक स्त्रियांचे केस राहिले आणि गळालेले लवकर परतले. रक्ताच्या कर्करोगात ही पद्धत वापरत नाहीत.

सामाजिक बाजू : केशवपनाच्या रूढीची आठवण महाराष्ट्रात पुसलेली नाही. विधवांचे डोके न भादरण्याचा निर्धार करून मुंबईच्या नाभिकांनी कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने १८९० मध्ये संप केला होता. मुंडण झालेल्या स्त्रीला आज ‘तिरुपतीला जाऊन आलात का?’ असे विचारले जाते आणि होकार देऊन विषय संपवणे अनेकींना सोयीचे वाटते. तिरुमला येथे अर्पण होणाऱ्या केसांचा लिलाव होतो व त्यांतले बरेच विग, गंगावन यांसाठी जातात, हा योगायोग म्हणायचा.

भुवया व पापण्या : यांचे चक्र काही महिन्यांचेच असल्याने त्या डोक्याच्या केसांनंतर गळतात आणि लवकर परततात. सगळ्या एकदम उगवलेल्या असल्याने पुढे एकदम झडण्याची शक्यताही असते. ती रोगाची खूण नव्हे. पापण्या वाढवणाऱ्या बिमॅटोप्रोस्ट या औषधाला अमेरिकेत २००८ मध्ये मान्यता मिळाली. अर्लोटिनिबसारख्या औषधांनी उलट पापण्या लांब व वाकड्या वाढतात. त्या बुबुळाला टोचू लागल्यास नेत्रवैद्याकडून कातरून घ्याव्या लागतात.