प्रॉडक्ट कंपनी म्हणजे चांगलं वातावरण? तसं काही नसतं

"सर्व्हिस कंपनीत हमाली, प्रॉडक्ट कंपनीत सुख." पुण्याच्या आयटी पट्ट्यात, हिंजवडीच्या चहाच्या टपऱ्यांवर हे इतकी वर्षं ऐकू येतंय की नवी मुलं पडताळूनही पाहत नाहीत. पण ते खरं नाही. प्रॉडक्ट की सर्व्हिस, यावरून कंपनीचा पैसा कुठून येतो एवढंच कळतं: स्वतःचं सॉफ्टवेअर विकून, की दुसऱ्या कंपन्यांची कामं करून. तुमचा दिवस कसा जाणार, हे टीम आणि मॅनेजर ठरवतात. एकाच मजल्यावरच्या दोन टीममध्येही जमीन-अस्मानाचा फरक असतो.

मी एका नावाजलेल्या प्रॉडक्ट कंपनीत गेलो. पहिल्याच महिन्यात रात्री दोनला फोन आला: सर्व्हर बंद. सकाळच्या मीटिंगमधला पहिला प्रश्न होता, "कोणी केलं?" त्यानंतर कोणी चूक कबूलच करेना. आधीच्या सर्व्हिस कंपनीत मात्र आमची लीड स्वतः शेजारी खुर्ची ओढून लॉग, म्हणजे सर्व्हरच्या नोंदी, वाचायला बसायची.

म्हणून मुलाखतीत आपणही विचारावं. मागच्या वेळी प्रॉडक्शन, म्हणजे ग्राहक वापरतात ती चालू सिस्टिम, बंद पडली तेव्हा काय केलंत? ऑन-कॉलनंतर, म्हणजे रात्री-अपरात्री फोन उचलायच्या पाळीनंतर, बदली सुट्टी मिळते का? सॉफ्टवेअरवर लिहिणारे प्रोग्रामर जोएल स्पोल्स्की यांनी २००० साली सॉफ्टवेअर टीमसाठी हो-नाही अशा १२ प्रश्नांची चाचणी लिहिली. नवा कोड लिहिण्याआधी बग, म्हणजे आधीच्या कोडमधल्या चुका, दुरुस्त करता का, हा त्यातला प्रश्न आजही तितकाच कामाचा आहे.

समोरच्याने एखादा प्रसंग तपशिलात सांगितला तर भरवसा ठेवा. "आम्ही सगळे फॅमिलीसारखे" एवढंच म्हणाला, तर सही करण्याआधी त्या टीममधून बाहेर पडलेल्या कुणाला तरी फोन करा.