इथेनॉल, पेट्रोल आणि कोल्हापूरचा पाऊस

जुलैत कोल्हापुरात पावसाची धार लागली की गॅरेजमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतंय, "पेट्रोलमध्ये पाणी झालंय, इथेनॉलमुळं." यातलं अर्धं खरं आणि अर्धं चुकीचं आहे, आणि कुठलं अर्धं खरं ते कळलं तर गाडीवरचा बराच खर्च वाचतो.

इथेनॉल म्हणजे अल्कोहोलच, आपल्या शिरोळ, करवीर, कागल पट्ट्यातल्या उसातनं निघणारं. रेणू अगदी छोटा, दोन कार्बनचा. त्याचं एक टोक पेट्रोलच्या जातीचं, म्हणून ते पेट्रोलमध्ये मिसळतं. दुसऱ्या टोकाला ऑक्सिजन आणि हायड्रोजनची जोडी, आणि या टोकाला पाण्याची भारी ओढ. पुढचं सगळं या ओढीमुळं घडतंय.

ही ओढ पहिल्यांदा त्रास देते डिस्टिलरीत. उसाचा रस किंवा मळी यीस्ट घालून आंबवली की जे तयार होतं त्यात अल्कोहोल साधारण दहा टक्क्यांच्या आतबाहेर, बाकी बहुतेक पाणीच. ते तापवून वाफ वेगळी करत गेलं की अल्कोहोल ९५-९६ टक्क्यांपर्यंत चढतं आणि तिथं अडतं, कितीही उकळा, कारण त्या टप्प्यावर पाणी आणि अल्कोहोल मिश्रणात ज्या प्रमाणात असतात त्याच प्रमाणात वाफ होऊन वर जातात. मग शेवटचं पाणी काढायचं कसं? त्यासाठी झिओलाइट नावाच्या सच्छिद्र खनिजाचे दाणे वापरतात. त्यांना इतकी बारीक छिद्रं असतात की पाण्याचा रेणू आत शिरून अडकतो आणि इथेनॉलचा थोडा मोठा रेणू बाहेरच राहतो. मला या सगळ्या प्रक्रियेत हा भाग सगळ्यात देखणा वाटतो, ऊर्जा जाळून जे जमलं नाही ते फक्त छिद्राच्या मापानं जमतंय! असं ९९.५ टक्क्यांच्या वर शुद्ध झालेलं इथेनॉलच डेपोत पेट्रोलमध्ये मिसळतात. आपल्याकडं २००३ मध्ये काही राज्यांत ५ टक्क्यांपासून सुरुवात झाली, त्यात महाराष्ट्र पण होता, २०२२ मध्ये १० टक्के झालं आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांपर्यंत पोचलं.

आता टाकीत काय होतं ते बघा. साध्या पेट्रोलमध्ये पाणी जवळजवळ विरघळतच नाही, थेंब तळाला जाऊन बसतो. इथेनॉल असलं की थोडं पाणी ते स्वतःजवळ धरून ठेवतं आणि ते इंधनाबरोबर इंजिनातनं निघून जातं, हा खरं तर फायदाच. १० टक्केवाल्या पेट्रोलमध्ये लिटरमागं साधारण ५ मिलिलिटर पाणी असं सामावतं, २० टक्क्यांत त्याहून जास्त. पण मर्यादा ओलांडली की इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याकडं जातं आणि दोघं मिळून तळाला वेगळा थर करतात, आणि हा थर आत गेलेल्या पाण्यापेक्षा कितीतरी मोठा असतो. इंजिनाला इंधन तळाकडनं जातं, म्हणजे आधी हाच थर जातो आणि गाडी बंद. वर उरलेल्या पेट्रोलचा ऑक्टेन (म्हणजे इंजिनात ठोका न देता जळायची ताकद) पण घसरलेला असतो, कारण तो वाढवणारं इथेनॉलच खाली गेलं. गारठ्यात ही मर्यादा आणखी खाली येते.

मग चुकीचं अर्धं कुठलं? तर इथेनॉल हवेतली ओल ओढून टाकीत पाणी साठवतं हे. दमट हवेतनं ओल घेतं हे खरं, पण बंद झाकणाच्या टाकीत ते इतकं हळू होतंय की रोज फिरणाऱ्या गाडीला त्याचा फरक पडत नाही. थर वेगळा व्हायला सहसा खरंखुरं पाणीच आत जावं लागतं, झाकणाच्या झिजलेल्या रबरातनं, गाडी धुताना, नाहीतर पंपाच्या जमिनीखालच्या टाकीत झिरपून. म्हणून पंपावर तळाचं पाणी नेमानं तपासणं आता पूर्वीपेक्षा जास्त महत्त्वाचं झालंय, आणि ग्राहकानं तशी तपासणी दाखवा म्हणण्यात लाजण्यासारखं काही नाही.

अॅव्हरेजची तक्रार मात्र खरी आहे. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी, त्यामुळं २० टक्के मिश्रणात सहा-सात टक्के ऊर्जा कमीच भरते, नवीन इंजिनं जास्त ऑक्टेनचा उपयोग करून त्यातलं काही भरून काढतात, जुन्यांना ते जमत नाही. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या आणि सील पण इथेनॉलनं फुगतात, तेवढे बदलून घ्यावेत.

२०१९ आणि २०२१ च्या महापुरात कितीतरी दुचाक्या पाण्याखाली गेल्या होत्या. तशी वेळ आली तर किक मारून बघायचं नाही. वरनं ताजं पेट्रोल ओतून किंवा गाडी हलवून वेगळा झालेला थर परत नीट मिसळेल याची खात्री नसते, टाकी पूर्ण रिकामी करून घ्यायची. कार्बोरेटरची गाडी असेल तर त्याच्या वाटीतलं पण काढायला सांगा, तिथं चमचाभर राहिलं तरी गाडी परत बंद पडते.